‘टाका’ की ‘नका’

२ नोव्हेंबर, रविवार

काल सोलापूरला कानाचं मशीन बसवून घेतलं. दोन्ही कानांना. आधी एक फॉर्म. ‘व्यवसाय’पुढं जेमतेम इंचभर जागा, त्यात ‘मोटार रिवाइंडिंग’ लिहिलं. ‘शिक्षण’पुढं सातवी. तपासणाऱ्या मॅडमनी वाचलं, मान हलवली, झालं. एवढ्यात मी मावत नाही. म्हणून इथं लिहितो. स्वतःच्या हातानं केलेलं, कुणी न शिकवता:

वाइंडिंगचं यंत्र. सायकलचं मागचं चाक, पेडल, आणि फेरे मोजायला जुन्या टेपरेकॉर्डरचा आकड्यांचा काउंटर. आजवर एका फेऱ्याची चूक नाही.
कॉइलचे साचे, बाभळीचे, सतरा मापांचे.
व्हार्निश सुकवायची भट्टी. गीझरचं पिंप, आत दोन कॉइल.
बेअरिंग ओढायचा पुलर. जीपच्या पाट्यापासून.
टेस्ट पॅनेल.
दुकानाचं शटर. घराचा जिना, चौदा पायऱ्या, प्रत्येक साडेसहा इंच.

कान हे यातलं नाही. तरी लोहाऱ्यात माझं नाव कानावरच. मोटार चालू केली की न उघडता सांगायचो, बेअरिंग गेलंय की बुश.

मशीन का घेतलं तेही लिहितो. दिवाळीआधी माकणीच्या एकाची पाच एच.पी.ची मोटार नवी तार भरून दिली. चौथ्या दिवशी जाम. तो म्हणाला, “मिस्त्री, पयल्या दिवसापासनं शिट्टी मारत हुती की. तुमाला ऐकू न्हाय आली?” नाही आली.


३ नोव्हेंबर, सोम.

परवाचं राहिलेलं. मॅडम तोंडापुढं कागद धरून एकेक शब्द बोलल्या, मी तो परत म्हणायचा. मशीन न घालता. पंचवीस शब्द. अकरा बरोबर.

चौदा चुकले याचं नाही. चुकलेले मला चुकलेले वाटलेच नाहीत याचं आहे. मी छातीठोक ‘पाट’ म्हणालो. त्या ‘काठ’ म्हणाल्या होत्या.

येताना एस.टी.त मशीन चालू. पत्रा, काचा, कुणाची तरी कॅरीबॅग. कॅरीबॅगचा एवढा आवाज असतो? उमरग्यापर्यंत डोकं धरून बसलो.

घरी बायको, सु., विचारत होती, कसं वाटतंय. तिचा आवाज पातळ झालाय. माझा स्वतःचा रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा.


४ नोव्हें.

पहिला आठवडा रोज चार तास, असं सांगितलंय. आज चार तास दहा मिनिटं.

घरातल्या वस्तू बोलायला लागल्यात. चपला. पंखा. सु. भांड्यांशी बोलते, हे तीस वर्षांच्या संसारात आज कळलं. “बस गं तिथंच,” असं पातेल्याला.


६ नोव्हें.

स्वतःची चूक, म्हणून लिहितो. मशीनच्या सेलचं सहाचं पाकीट दिलं होतं, प्रत्येकाच्या पाठीला एक चिकटपट्टी. माल घेतला की तपासायचा ही माझी रीत. सगळ्यांच्या पट्ट्या काढून मीटर लावला. सहाही बरोबर, १.४ च्या आसपास. पट्ट्या परत लावून ठेवल्या. मग सहज माहितीचा कागद वाचला. पट्टी निघाली की सेलमध्ये हवा शिरते आणि तो संपायला लागतो, वापरा न वापरा.

तीस वर्षं माहितीचे कागद न वाचता कामं केली.

सु. हसली. बरेच दिवसांनी. “मीटर लावल्याबिगर तुमचा कशावर इस्वास हाय व्हो?”


८ नोव्हें., शनि.

दुकानात आज पूर्ण वेळ मशीन. स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या टोपीवर आणि मूठ कानाला, ही माझी पद्धत. मूठ कानाजवळ नेली की मशीन किंचाळतं. तीनदा करून बघितलं. ती पद्धत संपली.

आणि गरजही नाही. दोन फुटांवरून ऐकू येतंय. द्यायला तयार ठेवलेल्या तीन मोटारी एकेक करून चालवल्या. दोन ठीक. तिसरीत बारीक शिट्टी. ही मी मंगळवारी ऐकून, खडूनं ‘ओके’ लिहून बाजूला लावलेली. खडू पुसला. उघडली. बेअरिंग गेलेलं.

अशा किती दिल्या असतील.


९ नोव्हें., रवि.

विहारात वंदनेला मशीन घालून गेलो. सगळ्यांचे आवाज वेगवेगळे येतात, एकात मिसळत नाहीत. पूर्वी भरून यायचं, तसं आलं नाही.

बाहेर पोस्टातले कांबळे म्हणाले, “मिस्त्री, आता आमाला तुमच्यामागं तुमच्याबद्दल बोलायची चोरी झाली की!” सगळे हसले. मीही. म्हणजे बोलत होते.


११ नोव्हें., मंगळ.

दुपारी जेवायला घरी. मी पाटावर, सु. चुलीपाशी, चार फुटांवर, माझ्याकडं पाठ करून फोनवर. नेहमीच बोलते. मला वाटायचं, बचत गटातल्या बायका.

“भात चमच्यानं खायलास का हातानं? … डाव्या हातानं कुठवर खाशील रे. … व्हय, बसलेत हितंच. न्हाय येत ऐकू. … मला ठाऊक हाय रं. तू टाका म्हणलाच न्हाईस. त्येनला न्हाय पटायचं, तू सोड आता.”

भानुदासशी. तिच्या धाकट्या भावाशी. दीड वर्ष आमच्या घरात त्याचं नाव निघत नाही, असं मी समजत होतो.

मशीन माझ्या कानात आहे हे ती विसरली. सवय. मी जेवण संपवलं, ताट उचललं. “आमटी कशी झालीय?” म्हणाली. चांगली म्हणालो.


१२ नोव्हें.

पन्नास वेळा सांगितलेली गोष्ट. लिहीत पहिल्यांदाच आहे.

मागच्या वर्षी २१ मे. बाजारातली पिठाची गिरणी. तिथली मोटार आम्ही भरली होती, ती बसवायची होती. आम्ही म्हणजे मी आणि भानुदास. अकरा वर्षं माझ्याकडं काम करत होता. माझ्याखालोखाल हात त्याचाच. तो मोटारीपाशी पट्टा चढवत होता, मी भिंतीवरच्या स्टार्टरपाशी. शेजारी मिरचीचं कांडप चालू. मी विचारलं, “टाकू का?” आवाज आला, “टाका दाजी.” मी हिरवं बटण दाबलं.

उजव्या हाताची दोन बोटं. अंगठ्याजवळची. तार याच दोन बोटांत धरतात.

दवाखान्यात तो म्हणाला, “म्या नका म्हणलो हुतो, दाजी.” मी म्हणालो, टाका म्हणालास. गिरणीवाला दळण जोखत होता, त्यानं काहीच ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन गेलो. स्टार्टर ते पुली, अकरा फूट. अकरा फुटांवरचं, तेही मला, ऐकू येणार नाही? ज्याला-त्याला हेच विचारलं. सगळे गप्प बसायचे. ते मला पटल्याचं वाटायचं.

मग ईटला, सु.च्या माहेरी, सगळ्या पाहुण्यांत, मी उभं राहून म्हणालो: चारचौघांत कबूल कर की तू टाका म्हणालास, मग पुढचं काय ते बघू. तो म्हणाला, “जे म्हणलोच न्हाय ते कसं म्हणू?” मी चहा न घेता निघालो. तेव्हापासून बंद.

पंचवीसपैकी अकरा.


१३ नोव्हें.

काम नाही झालं. एका साच्याचं माप चुकलं.

शब्द दोनच. टाका. नका. मनात म्हणून बघितले. मनात दोन्ही चांगले वेगळे ऐकू येतात. त्याला अर्थ नाही.


१५ नोव्हें., शनि.

चिठ्ठ्या केल्या, एकाच मापाच्या. दहांवर ‘टाका’, दहांवर ‘नका’. बेअरिंगच्या रिकाम्या डब्यात.


१६ नोव्हें., रवि.

सु.ला दुकानात बोलावलं. शटर अर्धं खाली. अकरा फूट मोजून जमिनीवर खडूची रेघ. कांडपाच्या जागी ग्राइंडर चालू ठेवला. मशीन काढून डबीत ठेवलं.

सांगितलं, डब्यातनं एकेक चिठ्ठी काढायची, माझ्याकडं पाठ करून वाचायची, वाचलेली क्रमानं लावत जायची. मी जे ऐकेन ते वहीत लिहीन.

तिनं पहिली चिठ्ठी उघडली आणि तशीच थांबली. दुसरी उघडली. मग माझ्याकडं वळून काहीतरी म्हणाली. ग्राइंडरमुळं कळलं नाही. बंद केला.

“हे आता कशाला करायलाव?”

“मोजायचंय.”

“दीड वरसानं?”

ग्राइंडर परत चालू केला. ती पाठ करून उभी राहिली. चौदाव्याला तिचे खांदे हलले. मी म्हणालो, ही धरायची नाही, चिठ्ठी परत टाक, नीट काढ. तिनं काढली.

निकाल, मशीन नसताना:
‘टाका’ दहा. मी ऐकले: टाका ९, नका १.
‘नका’ दहा. मी ऐकले: टाका ७, नका २, एकदा काहीच नाही.

मशीन घालून, त्याच चिठ्ठ्या, मिसळून: वीसपैकी अठरा बरोबर.

तिनं वही घेतली, दोन्ही बेरजा बोटानं तपासल्या. वही मिटून स्टुलावर ठेवली. “आता?” एवढंच म्हणाली. उत्तरासाठी थांबली नाही, शटरखालून वाकून निघून गेली.


१७ नोव्हें.

सात वेळा.

यात एक कच्चा दुवा काढत होतो. बाईचा आवाज वेगळा, गड्याचा वेगळा. ग्राइंडर वेगळा, कांडप वेगळं. मग कळलं की मी परत टेप घेऊन निघालोय. सोडलं.

दुसरं एक डोक्यातनं जात नाही. तो ‘नको’ म्हणाला असता, ‘ए थांब’ म्हणून ओरडला असता, तर मी ‘टाका’ ऐकलं नसतं. पण मी थोरल्या बहिणीचा नवरा. अकरा वर्षांत एकदाही अरे-तुरे केलं नाही त्यानं. हात पट्ट्यात असतानाही ‘नका’ म्हणाला. आणि वर ‘दाजी’.


१९ नोव्हें., बुध.

सकाळी फोन लावला, स्पीकरवर, नाहीतर मशीन किंचाळतं. ईटला. त्याच्या मुलीनं उचलला. “कोण बोलायलंय?” म्हणाली. “हॅलो, कोण?” मागून त्याचा आवाज आला, स्पष्ट: “कोण हाय गं? कट झाला काय?”

कट केला.


२० नोव्हें.

मशीन घातलं नाही.


२२ नोव्हें., शनि.

आजही नाही. एकानं मोटार आणली, ऐकून सांगा म्हणाला. सोडून जा म्हणालो, उघडून बघतो. “तुमी अन् उघडून?” म्हणाला.

घरी सु.च्या लक्षात आलं. “काढून ठिवलं व्हय?” मोठ्यानं म्हणाली, मला ऐकू जाईल असं. “तुमचं बरंय. आमाला काढून ठिवता येत न्हाय.”


२३ नोव्हें., रवि.

परत घातलं. विहारात गेलो नाही.

माकणीवाल्याला निरोप दिला, मोटार घेऊन ये, बेअरिंग माझ्या खर्चानं. दिवाळीपासून दिलेल्या सगळ्या मोटारींची यादी काढली, एकोणीस. एकेकाच्या घरी जाऊन ऐकायच्या. हे जमतं मला. शेतात जायचं, मोटार चालू करायला सांगायची, ऐकायचं, वाईट असेल तर वाईट म्हणायचं. आज चार झाल्या. एक वाईट. त्याला तसं सांगितलं, जीभ अडली नाही.

ईटला अडते.


२६ नोव्हें., बुध.

सोलापूर. मॅडमनी आवाज थोडा कमीजास्त केला. “सवय झाली का?” होतेय म्हणालो. “काही त्रास?” म्हणालो, सगळं ऐकू येतं. हसल्या. “त्यासाठीच तर दिलंय ना, काका.”

परत शब्दांची तपासणी, आता मशीन घालून. पंचवीसपैकी तेवीस. त्यांना लई आनंद झाला. मी विचारलं, माझे कान असे कधीपासून असतील? म्हणाल्या, एका दिवसात होत नाही, आठ-दहा वर्षं तरी. “तुम्हाला कळलं नसेल. मेंदू गाळलेले शब्द अंदाजानं भरतो, जे अपेक्षित असेल ते.”

अपेक्षित असेल ते. मी ‘टाकू का?’ असं विचारलं होतं.


२८ नोव्हें.

सु.ला म्हणालो, रविवारी ईटला जाऊन यावं म्हणतो. ती भाकरी थापत होती. हात थांबले नाहीत. “कशाला? परत मोजायला?”

नाही म्हणालो.

“मग काय म्हणनार हाव तिथं?”

‘तू नका म्हणालास’, तीन शब्द. तिच्यासमोर म्हणून बघायला हवे होते. ती तव्याकडं वळली.


२९ नोव्हें., शनि.

जायचं ठरवलेलं. तेवढ्यात तिकडनंच फोन. सु.चे थोरले भाऊ, वसंतदादा, उद्या इकडं येतायत. काम काय ते सांगितलं नाही. म्हणून मी थांबतोय. बरं वाटलं. हेही लिहून ठेवतो, की बरं वाटलं.


३० नोव्हें., रवि.

दादा अकराच्या गाडीनं आले. माझ्या कानाकडं बघितलं. सु.नं पाणी दिलं. शिरा केला होता. जेवायच्या आधीच त्यांनी विषय काढला, सावकाश, एकेक शब्द मोठ्यानं, जसं सगळे माझ्याशी बोलत आलेत. हळू बोला म्हणालो, ऐकू येतंय.

भानुदासच्या मुलीची सोयरीक आलीय, पाहुणे कळंबकडचे. त्यांनी विचारलं, मुलीची आत्या आणि तिचे यजमान का येत-जात नाहीत? घरात वाद आहे म्हणून कुणीतरी सांगितलंय. दादा म्हणाले, “पावणं, आमी लई इचार केला. तुमी ईटला म्हणला हुता न्हवं, चारचौघांत कबूल कर म्हणून? तो तयार हाय.”

मी विचारलं, काय कबूल करणार?

“तुमचंच म्हणणं. म्याच टाका म्हणलो, चूक माझी. येत्या रविवारी, पावण्यांसमोर. तुमचा शब्द राहतोय, मिटतंय. तुमी त्याला थोडा हात द्यायचा, पंच्याहत्तर हजाराचा. गिरणी टाकतोय म्हणतो, एका हातावर चालंल अशी.”

सु. दारात उभी होती. शिऱ्याचं पातेलं हातात तसंच.

मी म्हणालो, असं नाही करायचं.

दादा म्हणाले, “म्हंजी? तुमीच घातलेली अट हाय ती.”

हो म्हणालो.

“मग अजून काय पायजे तुमाला?”

इथं बोलायचं होतं. निकालाची वही दुकानातनं घरी आणलेली, तिथंच कोनाड्यात. नुसती उघडून पुढं सरकवली असती तरी चाललं असतं. सु. माझ्याकडं बघत होती, दादांकडं नाही. मी म्हणालो, मी स्वतः ईटला येतो. दादा म्हणाले, “मागल्या बारीलाबी सोताच आला हुता.” आणि मग, “त्याला आता भांडायचं न्हाय, पावणं. दमलाय तो. म्हणून तर म्हणायला तयार झाला.”

जे म्हणलाच नाही ते म्हणायला.

जेवले नाहीत. सु.नं शिरा डब्यात घालून दिला. मी स्टँडवर सोडायला गेलो.

काय देऊ केलं आणि मी काय नाकारलं ते नेमकं लिहून ठेवतो. भानुदास सगळ्यांसमोर खोटं म्हणणार, चूक स्वतःवर घेणार. मी पंच्याहत्तर हजार द्यायचे. मी नाही म्हणालो. का, ते सांगितलं नाही.

दादांना वाटलं, मला रक्कम जड जातेय. गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवून वळले, हळूच म्हणाले, “बरं, साठ द्या.”

त्यालाही नाही म्हणालो. ईटला जायला धाराशिवची पुढची गाडी किती वाजता, ते चौकशीच्या खिडकीत विचारलं. दोन वीस.